तांबट आळीची पावली

काल्याच्या कीर्तनाला तांबट आळीत पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायामाणसं दाटीनं बसलेली, मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, टोकाला विठ्ठलाचं देऊळ आणि देवळाकडे पाठ करून उभे भोईरबुवा. सकाळचं ऊन कौलांवरून उतरून रस्त्यावर यायच्या बेतात होतं. बुवांनी कृष्णाच्या खोड्या सांगून सगळ्यांना पोट धरून हसवलं, मग एकदम आवाज उतरवून यशोदेचा गहिवर सांगितला. ओट्यांवरचे पदर डोळ्यांना लागले. तेवढ्यात त्यांनी मृदंगाकडे नजर टाकली आणि गजर सुरू झाला.

रांगांच्या मधोमध गळ्यात वीणा घेऊन सदाशिव निजामपूरकर, म्हणजे दादा, उभे होते. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एक दमला की दुसऱ्यानं ती आपल्या गळ्यात घ्यायची. पण काल्याच्या दिवशीची वीणा निजामपूरकरांच्या घराची, हे आळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दादांनी सत्तरी ओलांडली होती, तरी गजर चढला की त्यांचं पाऊल हलकं व्हायचं. दोन पावलं पुढे, एक मागे. त्यांच्या मागोमाग अख्खी आळी तशीच पावली धरायची. तांबटांची वस्ती ती. हातोडीच्या ठोक्यावर वाढलेली पोरं तालाला कधी चुकायची नाहीत.

दादांची मुलगी सुमेधा ओट्यावर, मांडीवर टॅबलेट घेऊन बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पडद्यावरची रेघ बघत होती.

हंडी फुटली. कपाळावर दह्याचे शिंतोडे घेऊन दादा ओट्याशी आले. वीणा अजून गळ्यात होती.

"काय गं, ऐकलं का तुझ्या भूकानानं?"

"ऐकलं, दादा."

"किती हललं?"

"खूप हललं."

"मग!" दादा म्हणाले, आणि जिंकल्यासारखे हसले.

खाडीकाठच्या अंबेवण्याजवळ विमानतळ झाला, आणि गावाचं शहर होऊन गेलं. तांबट आळीच्या तोंडाशी पूर्वी भाताची गिरणी होती. ती जागा एका बिल्डरनं घेतली. तिथे दोन टॉवर उठणार होते, एवढे उंच की विमानांसाठी वर लाल दिवे लावावे लागतील. टॉवरच्या गाड्या जायच्या कुठून? आळीतून. आळीत आधीच बिनचालकाच्या टॅक्सींची रांग लागायची. मोठा रस्ता तुंबला की त्या टॅक्सी आपापसांत ठरवून आळीत घुसायच्या, आणि ओट्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्याशी येऊन विनम्रपणे थांबून राहायच्या. आळीतली घरं सव्वाशे वर्षांची. सागाचे खांब, नक्षीच्या तुळया, वर जड कौलारू छप्पर. वारसा म्हणून त्यांना एक पाटी मिळाली होती. पाटीमागे कायदा मात्र फारसा नव्हता.

कायदा होता तो भूकानाचा.

रस्त्याखालून इंटरनेटची तार जाते. केसाएवढी बारीक काच. तिच्यातून प्रकाशाचे ठोके सोडले की बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो, पण काचेतल्या सूक्ष्म उणिवांवर आपटून थोडा मागे परततो. वर जमिनीवर पाऊल पडलं किंवा चाक फिरलं की ती काच कणभर ताणली जाते, आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो परतायला किती वेळ लागला यावरून फरक कुठल्या जागचा, हे कळतं. म्हणजे शहराखाली पसरलेली सगळी तार हा एक सलग कानच. संगणकाला शिकवलं की तो त्यातून ट्रक कुठला, सायकल कुठली, लंगडणारा माणूस कुठला, हे वेगळं काढतो. याच कामात सुमेधा होती, शहराच्या श्रवण कक्षात.

भूकान घरंही ऐकतं. प्रत्येक घराचं स्वतःचं एक झुलणं असतं, डोळ्यांना न दिसणारं. ओट्यावरचा झोपाळा जसा आपल्याच गतीनं येतो-जातो, तसं. जुन्या, सैल झालेल्या घराचं झुलणं वाढतं. म्हणून नवा नियम आला होता. मोठ्या बांधकामावरून तंटा झाला की भूकानानं आठवडाभर तो रस्ता ऐकायचा. माणसांचा वावर किती, वाहनांचा भार किती, घरांची तब्येत कशी. वावर भरपूर आणि घरं धडधाकट असतील, तर त्यांना हात लावता येत नाही.

आळी बचाव समितीच्या बैठकीत चंपूताई करडे म्हणाल्या होत्या, "तोंडानं ओरडून आपले घसे बसले. आता जमिनीलाच बोलू दे." चंपूताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण समोरचा माणूस चौथीतला आहे अशाच बोलायच्या. श्रवणासाठी सप्ताहाचा आठवडा मागायचा, हे सुमेधानं सुचवलं होतं. आळी कधी नव्हे इतकी भरलेली असते ती तेव्हाच. समितीचे अध्यक्ष चिंतामण वडके यांनी तिची पाठ थोपटली होती. "शिकलेली पोरगी आळीच्या कामाला आली!"

निकाल तिच्या वरिष्ठ, इनामदार मॅडम, यांच्या टेबलावर आला.

"वावर उत्तम," मॅडम म्हणाल्या. "वाहनांचा भार रस्त्याच्या ताकदीबाहेर. आणि घरं..." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. अकराच्या अकरा घरांवर लाल शिक्का होता. अतिधोकादायक.

सुमेधानं रेघ पाहिली. आठवडाभर ती सपाट होती. ट्रक गेले, टॅक्सी गेल्या, घरांना काही झालं नव्हतं. एका सकाळी मात्र रेघ डोंगरासारखी वर गेली होती.

तिला समजावून सांगायची गरज नव्हती. चाकांची थरथर बारीक आणि विस्कळीत असते, घर तिला दाद देत नाही. पण झोपाळ्याला त्याच्याच गतीनं पुन्हापुन्हा हलकासा हात लावत गेलं, तर लहान पोरही मोठ्या माणसाला उंच झुलवतं. आळीतली घरं सेकंदाला साधारण दोनदा झुलायची. चढलेल्या गजरातलं पाऊलही तेवढ्याच वेगानं पडतं. आणि सगळी आळी एकाच क्षणी पाऊल टाकत होती.

"मॅडम, ही घरं दर काल्याला अशीच झुलत आलीत. सागाचे सांधे आहेत, त्यांना खिळा नाही. ते जरा सरकतात आणि परत जागेवर येतात. म्हणून तर टिकलीत. ही लाल मर्यादेची खूण सिमेंटच्या घरांसाठी आखलेली आहे."

"मला पटतं," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "पण नियमात लाकूड-सिमेंट असा भेद नाही. सर्वांत जास्त हलणं किती, एवढंच तो विचारतो. दोन वाटा आहेत. एक, आळीनं लिहून द्यायचं की हा प्रकार अपवादानं घडला, पुन्हा इथे सामूहिक पावली होणार नाही. मग ती सकाळ आम्ही वगळतो. नाहीतर फेरश्रवण. तेवढीच माणसं, तोच कार्यक्रम, आणि रेघ लाल खुणेच्या खाली."

घरी दादा पितळी समई चिंचेनं घासत बसले होते. सुमेधानं सांगितलं. ते घासतच राहिले.

"म्हणजे आपण बेताल असतो तर वाचलो असतो," शेवटी म्हणाले.

"तसंच."

"आणि लिहून काय द्यायचं? की पुन्हा नाचणार नाही?"

"आळीत नाही. देवळात बसून कीर्तन करता येईल."

"देवळात माणसं मावतात किती? तुला माहीत आहे." त्यांनी समई उलटी करून पाहिली. "घर कशासाठी वाचवायचं गं? ओट्यावर बसून टॅक्सी मोजायला? मी सही करणार नाही."

"दादा, घर गेल्यावर कुठे नाचणार?"

दादा पुन्हा समई घासू लागले. समितीनं फेरश्रवण मागितलं.

समितीची माणसं भोईरबुवांना विचारायला गेली, तर ते आधी चिडलेच. "काला वर्षाचा एकदा. मशीनला दाखवायला काला करायचा म्हणता?"

"देवाला सगळं न सांगता कळतं, बुवा," चंपूताई म्हणाल्या. "त्या मशीनला कळत नाही, म्हणून हा खटाटोप."

बुवा हसले आणि तयार झाले. "गजर संथच ठेवतो. चढवणार नाही. तुम्ही फक्त एकत्र पाऊल टाकू नका."

मग आळीत एक गंमत सुरू झाली. रोज संध्याकाळी माणसं ताल चुकवायची तालीम करायला जमू लागली. चिंतामणरावांनी हुकूम सोडला, "वडक्यांनी उजवा पाय, करड्यांनी डावा, बाकीच्यांनी मनाला येईल तो!"

"मनाला येतोय तो उजवाच येतोय, अध्यक्ष!"

"अरे मेल्या, थांब जरा, मग टाक!"

"थांबलो की पडतो!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार आवर्तनं सगळे विस्कटून नाचायचे, एकमेकांच्या पायावर पाय द्यायचे. पाचव्याला कुणाच्याही नकळत सगळ्यांचं पाऊल एक झालेलं असायचं. सुमेधाला त्याचं कारण ठाऊक होतं. पायाखालची जमीन किंचित जरी हलली तरी माणूस तोल सावरायला नेमकं त्याच क्षणी पाऊल टाकतो. त्यानं जमीन आणखी हलते, मग शेजाऱ्याचंही पाऊल तिथेच पडतं. लटकत्या पुलांवर अनोळखी माणसांचंही असंच होतं. इथे तर सगळी एका मृदंगावर वाढलेली. बुवांनी एकच वाक्य म्हटलं, "ताल चुकवायला आधी तो विसरावा लागतो. ते या आळीला जमायचं नाही."

दादा तालमीला आले नाहीत. ओट्यावरून बघत राहिले.

फेरश्रवणाच्या सकाळी आळी पुन्हा भरली. कुणी जरीकाठी नेसलं नव्हतं, कुणी रांगोळी काढली नव्हती. परीक्षेला बसल्यासारखी माणसं उभी होती. भोईरबुवांनी आख्यान लावलं, पण खोड्या सांगताना त्यांनाच हसू येईना. संथ लयीत गजर सुरू झाला. पावलं अडखळत, मागेपुढे पडत होती. सुमेधाच्या मांडीवरची रेघ शांत होती. चिंतामणरावांनी लांबून खुशीत अंगठा वर केला.

दादांनी डोळे मिटले होते.

कोण आधी विसरलं, ते सांगता येणार नाही. कदाचित मृदंगवाला. संथ ठेवलेला ठेका कणाकणानं पुढे सरकला. एका रांगेतले टाळ जुळले, मग समोरच्या. बुवांच्या आवाजात सकाळपासून नसलेलं काहीतरी आलं. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. चंपूताईंनी पदर खोचला. आता आळीत परीक्षा नव्हती, मशीन नव्हतं. नाम तेवढं होतं. दोन पावलं पुढे, एक मागे. मागच्या तुळईवरून बारीक धूळ सुमेधाच्या खांद्यावर सांडली.

रेघ चढत होती.

तिनं हात हलवले, कुणी पाहिलं नाही. ओरडली, टाळांत ऐकू गेलं नाही. लाल खूण बोटभर वर राहिली होती. टॅबलेट टाकून ती रस्त्यावर उतरली, रांग फोडून आत शिरली, आणि दादांच्या गळ्यातली वीणा दोन्ही हातांनी वर उचलून काढून घेतली.

मृदंग थांबला. टाळ एकामागोमाग एक थांबले. दादांचा पाय उचललेला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला आणि डोळे उघडले.

"उतरवलीस?"

सुमेधा वीणा घेऊन उभी राहिली. कुणीतरी पुढे येऊन ती आपल्या गळ्यात घ्यायला हवी होती. कुणी आलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि वीणा तर खाली ठेवायची नसते. शेवटी भोईरबुवा चालत आले, तिच्या हातून वीणा घेतली आणि देवळात जाऊन खुंटीला अडकवली. काला न वाटताच कीर्तन संपलं.

रेघ लाल खुणेच्या खालीच राहिली होती. घरं धडधाकट ठरली. चंपूताईंनी घरोघर पेढे दिले. निजामपूरकरांच्या दारात आल्या, तेव्हा दादा आत निघून गेले.

"राग निवळेल गं," चंपूताई म्हणाल्या. "घर राहिलं ना."

दादा रागावलेले नव्हतेच. ते सुमेधाशी पूर्वीसारखं बोलायचे, भाजी काय आणू विचारायचे. फक्त संध्याकाळी देवळात जायचे थांबले.

पावसाळा संपताना आदेश आला. इनामदार मॅडमनी तो सुमेधाला आपल्या केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवला, कदाचित तिनं एकटीनं वाचू नये म्हणून. श्रवणात रस्त्यावरचा भार ताकदीबाहेरचा आढळला आहे. सबब, नागरिकांच्याच सोयीसाठी रस्ता रुंद करणं आवश्यक आहे. रुंदीकरणात दोन्ही बाजूंची घरं बाधित होतात. रस्ता रुंद झाल्यावर टॉवरना हरकत राहत नाही.

"पण भार जास्त आहे ही आमची तक्रार होती," सुमेधा म्हणाली. "टॉवर नको म्हणून ती आम्ही केली होती."

"तक्रार मान्य झाली आहे," मॅडम म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली.

"आणि घरं सुरक्षित ठरली त्याचं काय?"

"तो नियम बांधकामापुरता आहे, रस्त्याच्या कामाला लागत नाही. पण धोकादायक घराला भरपाई निम्मी मिळते. तुमच्या घरांना पूर्ण मिळेल. आणि त्याच टॉवरमध्ये फ्लॅट."

म्हणजे तिनं वीणा उतरवली, ती भरपाई दुप्पट करायला.

समितीच्या शेवटच्या बैठकीत चिंतामणराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बघा, लढलो तर आपण. नाही असं नाही. आता मुलांचा विचार करायला हवा." त्यांनी सही आधीच केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चंपूताईंनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "चिंतामण, कितवा मजला मागितलास रे?" चिंतामणराव पुन्हा चष्मा पुसू लागले. पुढच्या महिन्यात चंपूताईंनीही सही केली. सगळ्यांनीच केली. सागाचे सांधे सोडवताना मजुरांना खिळे काही सापडले नाहीत. खांब ठोकून काढावे लागले, ते अखंड निघाले, आणि कुठल्याशा रिसॉर्टच्या मालकानं नेले.

देऊळ राहिलं. देवळाला हात लावला तर गडबड होईल, म्हणून दोन मार्गिकांच्या मधोमध जाळी लावून ते ठेवलं. गाड्या त्याला वळसा घालून जातात.

सप्ताह आता टॉवरच्या सभागृहात होतो. भोईरबुवाच येतात. खाली जाड गालिचा आहे, थंड हवा आहे, आवाज शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून भिंतींना कापूस भरलेला आहे. पहिल्या वर्षी काल्याला लोकांनी पावली धरली, पण गालिच्यावर आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येईना. थोड्या वेळानं ज्याचा तो खुर्चीवर बसला. काहीजण हंडीचे फोटो काढून लिफ्टनं वर गेले.

दुसऱ्या वर्षी काल्याच्या सकाळी सुमेधा कामावर होती. रुंद रस्ताही आता तुंबू लागला होता. भूकानाच्या पडद्यावर गाड्यांच्या रेघा ओल्या दोरीसारख्या लोंबत होत्या. त्यांच्यामधे एक पिवळा ठिपका लुकलुकला. मार्गिका दोन, पादचारी, एक. वाहतुकीस अडथळा.

शेजारच्या मुलीनं मान वळवली. "ताई, गस्तीला कळवू का? टॅक्सी थांबून राहिल्यात."

सुमेधानं ठिपका मोठा केला. हलक्या पावलांची रेघ. दोन पुढे, एक मागे. दोन पुढे, एक मागे. चालणाऱ्या माणसाला संगणक कधी ओळखू शकतो, कधी नाही. तिला ओळखायला संगणक लागला नाही.

"थांब," ती म्हणाली. "मी जाते."

ती पोचली तोवर गस्त न बोलावताच आली होती. यंत्रणा फार वेळ वाट बघत नाही. देवळाच्या जाळीबाहेर, नेमक्या त्यांच्या ओट्याच्या जागी, गस्तीवाला दादांच्या दंडाला धरून उभा होता. मागे बिनचालकाच्या टॅक्सी ओळीनं विनम्रपणे थांबल्या होत्या. त्यांच्या मागच्या गाडीतून एकजण ओरडत होता, "ओ काका, विमान चुकेल माझं! घरी नाचा ना!"

"माझे वडील आहेत," सुमेधानं गस्तीवाल्याला सांगितलं. त्यानं दंड सोडला.

दादांच्या गळ्यात वीणा नव्हती. दोन्ही हात मात्र छातीशी तसेच धरलेले होते, वीणा धरल्यासारखे. कपाळावर घाम आला होता. तिला पाहून त्यांनी श्वास सावरला.

"ऐकलं का गं तुझ्या भूकानानं?"

"ऐकलं, दादा."

त्यांनी मान वर करून टॉवरकडे पाहिलं, पार वरच्या लाल दिव्यापर्यंत.

"किती हललं?"

तिनं त्यांचे हात छातीवरून खाली घेतले आणि आपल्या हातात धरले. मागून पुन्हा हॉर्न वाजला.

"काही नाही हललं, दादा," ती म्हणाली. "चला. रस्ता सोडू या."